हात चालतात, बोलणं अडतं: पुण्याहून जर्मनीला गेलेल्या एका परिचारिकेचं प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. यातली परिचारिका, तिचं रुग्णालय, तिचे गुण आणि महिन्यांचा हिशेब नमुन्यादाखल आहेत. नियम, परीक्षांचे आराखडे, शुल्क आणि कायद्याची कलमं मात्र जशी आहेत तशीच दिली आहेत. पुण्यातून परदेशी निघणाऱ्या सिस्टरांच्या तयारीत ज्या गाठी वारंवार पडतात, त्या एकाच वाटेवर दाखवता याव्यात म्हणून हा घाट.

सिस्टरांचं वय २८. मूळ गाव लातूर जिल्ह्यात. बी.एस्सी. नर्सिंगची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची. पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या मेडिकल आयसीयूमध्ये पाच वर्षं काम केलेलं. व्हेंटिलेटर, आर्टिरियल लाइन, इन्फ्युजन पंप यांवर हात बसलेला. पगार २८,००० रुपये, शिक्षणकर्जाचा हप्ता चालू, नवरा चाकणच्या कारखान्यात. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेलं. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण तिने तीन महिने खाल्ले. ते पुढे येईलच.

निघण्याआधी त्यांनी एकच प्रश्न सगळ्यांना विचारला: एआय येतंय, तर पाच-सात वर्षांनी नर्सची गरज उरेल का? कर्ज काढून भाषा शिकायची आणि तिथे पोचेपर्यंत कामच गेलं तर?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ड्युटीचे आठ तास सुटे करून पाहिलं तर मिळतं. नोंदी, रोस्टर, औषधसाठा, मॉनिटरच्या आकड्यांवरून येणारा पहिला इशारा, डिस्चार्ज कार्डाचा मसुदा या कामांत यंत्र शिरलं आहे आणि आणखी शिरेल. कूस बदलणं, भरवणं, तोंडाची स्वच्छता, जखम धुणं, पडण्याच्या बेतात असलेल्या आजोबांना धरणं, नातेवाइकांना समजावणं ही कामं माणसाकडेच राहतात. जर्मनीत तर कायद्यानेही एक कुंपण घातलं आहे. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या परिचर्या-व्यवसाय कायद्याच्या कलम ४ नुसार रुग्णाच्या शुश्रूषेची गरज ठरवणं, शुश्रूषेची प्रक्रिया आखणं व चालवणं आणि तिची गुणवत्ता तपासणं ही कामं फक्त मान्यताप्राप्त परिचारिकेलाच करता येतात. नियोक्ताही ती दुसऱ्या कुणाकडे सोपवू शकत नाही.

पण स्थलांतरित परिचारिकेच्या बाबतीत याला दुसरी बाजू आहे. यंत्र कागदाचं काम उचलतं, आणि नेमका तोच भाग परक्या भाषेत त्यातल्या त्यात सोपा असतो, कारण तो वेळ घेऊन, शब्दकोश पाहून करता येतो. उरतं ते समोरासमोरचं बोलणं. म्हणजे एआयमुळे नोकरी जात नाही, भाषेची अपेक्षा वाढते. या प्रकरणातली प्रत्येक अडचण याच ठिकाणी येऊन मिळते.

देश निवडण्यात फार वेळ गेला नाही. इंग्लंडसाठी ओईटी ही आरोग्यकर्मींची इंग्रजी परीक्षा आणि नंतर दोन टप्प्यांची परीक्षा, पण तिथल्या भरतीचा जोर ओसरलेला. आखातात पैसा लवकर मिळतो, कायमचं राहणं अवघड. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला आणि त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वार्षिक व्हिसांची मर्यादा २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं जाहीर केलं. सिस्टरांनी त्याच राज्यातलं एक रुग्णालय निवडलं.

कागद: पहिले सहा महिने

जर्मनीत परिचारिकेचा व्यवसाय नियंत्रित आहे. पदवी कितीही चांगली असो, त्या राज्याच्या कार्यालयाने तिला समकक्ष ठरवल्याशिवाय पूर्ण परिचारिका म्हणून काम करता येत नाही. बाडेन-व्युर्टेमबर्गसाठी हे काम श्टुटगार्टच्या विभागीय प्रशासनाकडे आहे. तिथला अधिकारी पदवीचं नाव पाहत नाही, तास मोजतो. जर्मन प्रशिक्षण ३ वर्षांचं आणि किमान ४,६०० तासांचं: २,१०० वर्गातले, २,५०० प्रात्यक्षिकाचे. आपला अभ्यासक्रम याच्याशी विषयवार ताडून पाहिला जातो.

म्हणून गुणपत्रिका पुरत नाही. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट घ्यावी लागते आणि तिच्यात प्रत्येक विषयाचे वर्गातले तास व वॉर्डातले तास वेगळ्या रकान्यांत असावे लागतात. सिस्टरांच्या पहिल्या ट्रान्सक्रिप्टमध्ये दोन्हींची बेरीज एकाच रकान्यात होती. महाविद्यालयाकडून सही-शिक्क्याचं विषयवार पत्रक करून घेऊन पुन्हा अर्ज करावा लागला.

अनुभवाच्या दाखल्याचंही तसंच. ‘सदर कर्मचारी स्टाफ नर्स म्हणून कार्यरत होत्या, त्यांची वर्तणूक चांगली होती’ या दोन ओळींना तिथे काही किंमत नाही. दाखल्यात वॉर्डाचं नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याचे तास आणि प्रत्यक्ष कामांची यादी हवी. कारण अभ्यासक्रमात जी तूट निघते ती कामाच्या अनुभवाने भरून काढता येते, पण तो अनुभव कागदावर दिसला तरच. मेट्रनना मसुदा स्वतः लिहून नेऊन द्यावा. त्यांना वेळ नसतो आणि नेहमीचा साचा वापरला जातो.

आता नाव. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम. परिषदेच्या नोंदणीत माहेरचं नाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही, जर्मन कारकुनाला मात्र या तीन वेगळ्या बायका दिसतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राज्य राजपत्रातली नावबदलाची जाहिरात आणि ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र हे तीन कागद सुरुवातीलाच जोडले असते तर तीन महिने वाचले असते. लग्न ठरलेल्या आणि परदेशी जायचं मनात असलेल्या सिस्टरांनी सगळी प्रक्रिया संपेपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दोन ठिकाणी पैसे वाया गेले. पहिला खर्च ॲपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून घ्यायच्या सरकारी शिक्क्याचा. भारताच्या हेग करारातल्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली असल्यामुळे भारतीय ॲपोस्टिल तिथे चालत नाही. तरीही प्रत्येक कागदामागे त्याचे पैसे घेणारे दलाल आहेत. दुसरा खर्च भाषांतराचा. सिस्टरांनी गुणपत्रिकांचं जर्मन भाषांतर एआयकडून करून घेतलं आणि सुबक छापून पाठवलं. कार्यालयाला शपथबद्ध भाषांतरकाराचा शिक्का लागतो, त्यामुळे सगळं परत आलं. शिक्का चालला असता तरी ते भाषांतर घातकच होतं: ‘इंटर्नशिप’साठी यंत्राने जो जर्मन शब्द निवडला त्यातून चार-सहा आठवड्यांची ओळखीपुरती उमेदवारी असा अर्थ निघत होता. सहा महिन्यांचं पूर्णवेळ वॉर्डातलं काम एका शब्दाने हलकं झालं. एआयने केलेलं भाषांतर आपल्याला स्वतःला मजकूर समजावा म्हणून वापरायला हरकत नाही. अर्जासोबत ते देऊ नये.

नियोक्त्याने परदेशी नागरिक कार्यालयाकडे निवास कायद्याच्या कलम ८१अ खाली जलद प्रक्रियेचा अर्ज केला. शुल्क ४११ युरो, तेही त्यानेच भरलं. या वाटेने कागद पूर्ण असतील तर मान्यता कार्यालयाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय आला तो अपेक्षेप्रमाणे ‘तुटीचा आदेश’ होता: वृद्धसेवा, घरी जाऊन करायची शुश्रूषा आणि जर्मन कायद्याची ओळख यांत तास कमी. यात घाबरण्यासारखं काही नसतं. आपल्या अभ्यासक्रमात वृद्धसेवा मेडिकल-सर्जिकलमध्ये विखुरलेली असते, स्वतंत्र लांब पोस्टिंग नसतं, म्हणून बहुतेकींना हाच आदेश येतो. तूट भरायचे दोन मार्ग: अनुकूलन अभ्यासक्रम (कमी पडलेल्या विषयांचं प्रशिक्षण) किंवा ज्ञान परीक्षा.

भाषा: जिथे एआयने आधी नुकसान केलं

मान्यतेसाठी जर्मन भाषेची बी२ पातळी लागते. १ मार्च २०२४ पासून ‘मान्यता भागीदारी’ नावाच्या वाटेने ए२ या खालच्या पातळीवरही जाता येतं आणि उरलेलं तिथे जाऊन पूर्ण करता येतं. हा मार्ग खुला आहे म्हणून घ्यावाच असं नाही. ए२ वर पोचलेली परिचारिका वॉर्डात ओव्हर (पाळी बदलताना दिली जाणारी रुग्णांची माहिती) घेऊ शकत नाही, फोन उचलू शकत नाही, आणि महिनोन् महिने फक्त सांगकाम्या कामांत अडकते. भाषा शिकायला लागणारा वेळ तितकाच. फरक एवढाच की इथे रूममेट असतात, तिथे एकटेपणा असतो.

गोएथे संस्थेच्या अंदाजाने बी२ पर्यंत ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. आठवड्याला १२ तासिका धरल्या तर ७०० तासिकांना ५८ आठवडे. हडपसरच्या हॉस्टेलवरून बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनापर्यंतचा प्रवास आणि महिन्यातल्या नाइट धरल्या तर दीड वर्ष मनात ठेवावं. सिस्टरांनी इन्चार्जशी बोलून नाइट सलग घेतल्या, म्हणजे क्लास बुडायचा तो एकाच आठवड्यात बुडायचा. ही साधी व्यवस्था कोणत्याही ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडली.

पंधराव्या महिन्यात बी२ ची परीक्षा दिली. चार भाग असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात आणि प्रत्येक भाग वेगळा देता येतो. निकाल: वाचन ७०, बोलणं ६४, ऐकणं ५३, लेखन ५६.

लेखनात नापास होणं सगळ्यांना अनपेक्षित होतं, कारण क्लासमधले त्यांचे निबंध उत्तम असायचे. ते निबंध एआयने सुधारलेले होते. सिस्टर आधी स्वतः लिहायच्या, मग मजकूर टाकून ‘दुरुस्त कर’ म्हणायच्या, आलेला मजकूर वाचून ‘हो, हेच म्हणायचं होतं’ असं वाटायचं. वाचून पटणं आणि स्वतःला सुचणं यांत जे अंतर आहे ते परीक्षेच्या ७५ मिनिटांत उघडं पडलं. तिथे एक किमान १५० शब्दांचं मतप्रदर्शन आणि एक किमान १०० शब्दांचा औपचारिक निरोप लिहायचा असतो, सोबत काहीही नाही.

ऐकण्यातल्या अपयशाचं कारणही तसंच. सराव एआयच्या आवाजावर झाला होता. तो आवाज स्वच्छ, प्रमाण जर्मन बोलतो, मधे थांबतो, विचारलं की पुन्हा सांगतो. परीक्षेत दोघं एकमेकांचं बोलणं तोडतात. आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमधली ऐंशी वर्षांची आजी श्वेबिश ही तिथली बोली बोलते, तीही कवळी काढून.

पुढच्या तीन महिन्यांत तीच साधनं वेगळ्या रीतीने वापरली. ती रीत अशी.

लेखनासाठी हाताने, घड्याळ लावून, ४० मिनिटांत १५० शब्द. मग मजकूर टाइप करून एआयला एवढंच सांगायचं: चूक असलेल्या वाक्याखाली खूण कर, चुकीचा प्रकार सांग, दुरुस्ती देऊ नको. दुरुस्ती स्वतः करायची आणि चूक वहीत प्रकारानुसार मांडायची. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं: निम्म्याहून जास्त चुका मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी न ठेवल्याच्या होत्या. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे जर्मनची गौण वाक्यं आपल्याला सहज जमतात आणि मुख्य वाक्यं घसरतात. हे कळल्यावर सराव त्यावरच केंद्रित झाला.

ऐकण्यासाठी त्या प्रदेशाच्या सार्वजनिक नभोवाणीचे, एसडब्ल्यूआरचे, बातम्या आणि संवादांचे कार्यक्रम रोज अर्धा तास. पहिल्यांदा मजकुराशिवाय, नंतर एआयने काढलेल्या लिखित रूपासोबत. बोलण्यासाठी एआयला भूमिका दिली: ७८ वर्षांची, कमी ऐकू येणारी, अंघोळीला नकार देणारी आजी. आणि अट घातली की समजलं नाही तर तिने चिडायचं, सोपं करून सांगायचं नाही. अठराव्या महिन्यात दोन्ही भाग सुटले.

उच्चार आणि आकडे यांबाबत मराठी माणसाकडे एक ठेवा आहे, तो कुणी वापरत नाही. जर्मनमधला ‘झेड’ म्हणजे आपल्या ‘चाक’, ‘चूल’मधला च, ‘चहा’मधला नव्हे. हा आवाज आपल्या तोंडात तयारच आहे. आकडे जर्मनमध्ये एकक आधी, दशक नंतर: ५४ म्हणजे ‘चार-आणि-पन्नास’. मराठी चोपन्नही तसाच बांधलेला आहे. पण आपल्या वॉर्डांत आकडे इंग्रजीत बोलले जातात, ‘फिफ्टी-फोर’. म्हणून सिस्टर जर्मन आकडा ऐकून मनात इंग्रजी करायच्या आणि ५४ चे ४५ व्हायचे. मधली इंग्रजी काढून टाकून ‘फिअर-उंट-फ्युन्फत्सिश, चोपन्न’ असा थेट जोड लावल्यावर चुका जवळजवळ थांबल्या.

वेळेचं मात्र उलटं आहे. ‘हाल्ब द्राय’ हा शब्द मराठी कानाला साडेतीन वाटतो, कारण त्यात अर्धा आणि तीन दोन्ही आहेत. त्याचा अर्थ अडीच. अँटिबायोटिकचा डोस तासभर उशिरा जायला एवढं पुरतं. आणि छापील आकड्यांत स्वल्पविराम व बिंदू उलटे वापरतात: ‘०,५’ म्हणजे अर्धा, ‘५.०००’ म्हणजे पाच हजार. हेपरिनच्या आदेशावर ‘५.००० युनिट’ लिहिलेलं असतं ते पाच हजार युनिट. ही दोन वाक्यं जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरने वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत.

पैशाचं थोडक्यात. एका दलालाने साडेचार लाख मागितले होते. भारतातल्या नोंदणीकृत भरती एजंटला घेता येणारं सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकंच आहे, आणि एजंटची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. जर्मनीत योग्य भरतीसाठी ‘नियोक्त्याने खर्च उचलायचा’ हे तत्त्व आहे आणि त्यावर आधारलेला सरकारी दर्जाशिक्काही आहे. करारात एकच कलम नीट वाचायचं: मुदतीआधी नोकरी सोडली तर किती परतफेड, आणि ती रक्कम दर महिन्याला कमी होत जाते की शेवटपर्यंत तेवढीच राहते.

वॉर्डात

बाविसाव्या महिन्यात सिस्टर वृद्धांच्या विभागात रुजू झाल्या, पण परिचारिका म्हणून नव्हे, मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून. पहिला धक्का यंत्राचा नव्हताच. पुण्यात अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन ही कामं मावशी आणि मामा करतात, उरलेलं नातेवाईक. तिथे तीच कामं परिचारिकेची मुख्य कामं आहेत आणि त्यांना कमीपणाचं कुणी समजत नाही. पाच वर्षं व्हेंटिलेटर सांभाळलेल्या हातांना सकाळी सात रुग्णांची अंघोळ घालावी लागली. हे आधी माहीत नसेल तर फसवणूक वाटते. माहीत असेल तर काम वाटतं. पुण्यातल्या एखाद्या वृद्धाश्रमात सुटीच्या दिवशी चार-सहा वेळा जाऊन हे काम करून पाहावं, आणि त्याचा तासांसह दाखला घ्यावा. तुटीच्या यादीत तो उपयोगीही पडू शकतो.

विभागात तीन प्रकारची यंत्रं होती: बोलून नोंद करायचं ॲप, खाटेवरून उठताच सूचना देणारे सेन्सर आणि तब्येत ढासळण्याचा इशारा देणारी प्रणाली.

बोलून नोंद करणं सिस्टरांना सगळ्यात आवडलं, कारण लिहिण्याची भीती गेली. पण अशा प्रणाली न बोललेलं वाक्यही लिहितात. एका प्रसिद्ध ध्वनिलेखन प्रणालीच्या २०२४ मधल्या तपासणीत सुमारे १ टक्का ध्वनिखंडांत पूर्णपणे मनचे शब्द आढळले, आणि बोलताना लांब थांबणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका वाढतो असं दिसलं. परकी भाषा बोलणारी परिचारिका नेमकी शब्द शोधत थांबते. म्हणून नियम असा केला: नोंद करण्याआधी वाक्य मनात जुळवायचं, एका दमात बोलायचं, आणि सही करण्याआधी तीन गोष्टी पडद्यावर डोळ्यांनी तपासायच्या: आकडा, बाजू (डावी की उजवी) आणि नकार. ‘वेदना नाहीत’मधला ‘नाहीत’ गळाला तर सगळी नोंद उलटते.

इशारा देणाऱ्या प्रणालीबद्दल एक उदाहरण पुरेसं आहे. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या एका सेप्सिस-इशारा (सेप्सिस म्हणजे संसर्गाने शरीरभर होणारा जीवघेणा बिघाड) प्रणालीची मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी स्वतंत्र तपासणी केली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रणालीने सेप्सिसच्या ६७ टक्के रुग्णांना ओळखलंच नाही, आणि दाखल झालेल्या एकूण रुग्णांपैकी १८ टक्क्यांबाबत इशारे मात्र दिले. म्हणजे गजर खूप, त्यात खरे थोडे, आणि आजारी माणूस शांतपणे निसटलेला. पुण्याच्या आयसीयूत जी सिस्टर ‘सर, पेशंट बरोबर दिसत नाही’ म्हणते, तिची गरज इथे आहे. फक्त ते वाक्य आता जर्मनमध्ये, फोनवर, रात्री तीन वाजता, कारणांसह सांगता आलं पाहिजे: श्वसनाचा दर किती होता, किती झाला, बोलण्यात गोंधळ कधीपासून आहे, काय हवं आहे. हा ९० सेकंदांचा निरोप सिस्टरांनी पुण्यात असतानाच पाठ नव्हे, पण घट्ट करून ठेवला होता: ओळख, स्थिती, पूर्वपीठिका, तपासणी, मागणी. त्याचा पहिल्याच महिन्यात उपयोग झाला.

चूक झाली ती चोविसाव्या महिन्यात. डॉक्टरांच्या हस्ताक्षरातली नोंद वाचता येईना म्हणून सिस्टरांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून सार्वजनिक एआयला अर्थ विचारला. फोटोत रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख होती. सहकाऱ्याने पाहिलं, लेखी ताकीद मिळाली. हेतू चांगला होता, तरीही हे गंभीरच आहे: युरोपचा विदासंरक्षण (व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा) नियम तर आहेच, शिवाय जर्मन दंडसंहितेचं कलम २०३ आरोग्य व्यवसायातल्या व्यक्तीने रुग्णाचं गुपित उघड करणं हा गुन्हा मानतं आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. आपल्याकडे वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्टचे फोटो फिरतात, त्या सवयीचं हे फळ. ती सवय विमानात बसण्याआधी मोडावी. रुग्णालयाची मान्यताप्राप्त साधनं कोणती, हे रुजू होताना लेखी विचारायचा हक्क आहे. युरोपच्या एआय कायद्यातलं कर्मचाऱ्यांच्या एआय-साक्षरतेचं कलम २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालं आहे, त्यामुळे प्रशिक्षण मागणं ही मेहेरबानी मागणं नव्हे.

ज्ञान परीक्षा

अनुकूलन अभ्यासक्रम लांब, पण शेवटी फक्त चर्चा असते. ज्ञान परीक्षा लवकर संपते, पण नापास होण्याचा धोका असतो. सिस्टरांनी परीक्षा घेतली. कारण पैशाचं होतं. वृद्धसेवेतल्या किमान वेतनावरून फरकाचा अंदाज येतो: १ जुलै २०२५ ला लागू झालेल्या दरांनुसार अप्रशिक्षित सहायकाला ताशी १६.१० युरो, प्रशिक्षित सहायकाला १७.३५ आणि पूर्ण परिचारिकेला २०.५०. आठवड्याला ३९ तास म्हणजे महिन्याला १६९ तास धरले तर मान्यता लांबण्याची किंमत दरमहा ५३२ ते ७४४ युरो. रुग्णालयांचे वेतनकरार वेगळे असतात, पण वजन साधारण असंच पडतं.

परीक्षेचे दोन भाग. तोंडी ४५ ते ६० मिनिटं. प्रात्यक्षिकात किमान दोन, जास्तीत जास्त चार खऱ्या शुश्रूषा-परिस्थिती, प्रत्येकी १२० मिनिटांच्या आत. दोन्ही भाग एकेकदा पुन्हा देता येतात.

तोंडी परीक्षा सुटली. प्रात्यक्षिकात नापास. परिस्थिती साधी होती: पक्षाघातानंतर डावी बाजू कमजोर झालेल्या बाईंची सकाळची अंघोळ, खाटेवरून खुर्चीत बसवणं, त्वचेची तपासणी. हातांचं निर्जंतुकीकरण योग्य वेळी, पाण्याचं तापमान योग्य, कमजोर बाजूचा आधार योग्य. परीक्षकांचा शेरा असा होता: रुग्णाशी जवळजवळ संवादच नाही, रुग्णाला जे स्वतः करता येत होतं तेही परिचारिकेने केलं.

दोन्ही सवयी पुण्याच्या आयसीयूतल्या. तिथला रुग्ण झोपेच्या औषधाखाली असतो, हात मुकाट चालतात. आणि खाटा जास्त, माणसं कमी असली की रुग्णाला स्वतः तोंड धुवू देण्याइतका वेळ नसतो. आपण पटकन धुऊन पुढच्या खाटेकडे जातो, आणि आपल्याकडे त्यालाच चांगली सेवा म्हणतात. जर्मन शुश्रूषेत रुग्णाची उरलेली ताकद वापरायला लावणं हाच उपचार आहे. चांगल्या हाताने तिला स्वतः चेहरा पुसू द्यायचा, त्याला पाच मिनिटं लागली तरी चालतील, आणि प्रत्येक पायरीआधी सांगायचं: आता मी डावा हात उचलते आहे, पाणी गरम लागतंय का, आता आपण कुशीवर वळणार.

दुरुस्तीला आठ आठवडे लागले. रोजच्या सकाळच्या कामात एका रुग्णाची अंघोळ परीक्षेसारखी करायची, सोबतच्या मार्गदर्शक परिचारिकेने फक्त ऐकायचं. किती वाक्यं आधी सांगितली, किती प्रश्न विचारले, किती वेळा उत्तराची वाट पाहिली, एवढंच मोजायचं. पहिल्या दिवशी २० मिनिटांत चार वाक्यं झाली. संध्याकाळी त्याच प्रसंगाची वाक्यं एआयसोबत बोलून पाहायची, रुग्णाचं नाव-गाव न सांगता: नकार आला तर काय म्हणायचं, रडू आलं तर काय म्हणायचं, ‘माझी मुलगी कुठे आहे’ असं दहाव्यांदा विचारलं तर काय म्हणायचं. शुश्रूषेचा लेखी आराखडाही रोज एक, एआयशिवाय, कारण परीक्षेत तो स्वतःच लिहायचा असतो.

एकतिसाव्या महिन्यात प्रात्यक्षिक सुटलं. त्यानंतर ‘परिचारिका’ हे व्यवसायनाम वापरण्याच्या परवान्याचा अर्ज. त्याला आरोग्य दाखला आणि वर्तणुकीचा दाखला लागतो, आणि हे दोन्ही साधारण तीन महिन्यांपेक्षा जुने घेत नाहीत. सिस्टरांनी निघताना पुण्यात घेतलेला पोलिसांचा दाखला नऊ महिन्यांचा झाला होता. नवे दाखले यायला आणखी चार आठवडे गेले. तेवढ्यात महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरणही आलं. ते त्यांनी चुकवलं नाही, कारण ती नोंदणी जिवंत असली की परतीची वाट उघडी राहते. परवाना तेहतिसाव्या महिन्यात हाती आला, आणि पुढच्या पगारापासून वेतनश्रेणी बदलली.